दुर्दैवी नसलेला माणूस

पीटर शिल्टन हे नाव फुटबॉल न पाहणाऱ्यांनीही कुठेतरी ऐकलेलं असतं. १९८६च्या विश्वचषकात मॅराडोनाने हाताने गोल केला, तो याच गोलरक्षकाला चकवून. इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये सर्वांत जास्त सामने खेळण्याचा विक्रम शिल्टनच्या नावावर आहे: १००५. त्या यादीतलं दुसरं नाव टोनी फोर्डचं. ९३१ सामने. गोलरक्षक वगळले, म्हणजे ज्यांना नव्वद मिनिटं खरोखर पळावं लागतं अशांचाच विचार केला, तर फोर्ड पहिला. आणि या ९३१ सामन्यांपैकी एकही सामना त्याने सर्वांत वरच्या डिव्हिजनमध्ये खेळलेला नाही.

इथे राहायला आल्यापासून मी फुटबॉल पाहते ते काहीसं शेजारधर्म म्हणून. पण या आकड्याने मला धरून ठेवलं. त्यामागे एक प्रश्न आहे आणि तो फक्त फुटबॉलचा नाही. आयुष्यभर एखादी गोष्ट मनापासून, नीट, पगार घेऊन करायची, तिच्यात सर्वांत वर कधीच पोचायचं नाही, आणि न पोचण्यामागे कुणाचा अन्यायही नाही, अशा आयुष्याला आपण काय म्हणतो? मराठीत त्यासाठी शब्द शोधायला गेले तर मला सापडेना.

आधी माणसाची ओळख. फोर्डचा जन्म १९५९चा, ग्रिम्सबीचा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे मासेमारीचं बंदर. १९७५मध्ये, सोळाव्या वर्षी, तो गावच्याच क्लबकडून पहिला सामना खेळला. (ग्रिम्सबी टाउनचं मैदान ग्रिम्सबीत नाही, शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे. म्हणजे घरच्या सामन्यालाही हा क्लब परगावी असतो, असा विनोद इथले लोक स्वतःच करतात.) उजव्या बाजूने खेळायचा, कधी मिडफिल्डर, कधी विंगर, वय वाढलं तसा उजवा बचावपटू. १९७९ आणि १९८० अशा लागोपाठच्या दोन हंगामांत ग्रिम्सबी चौथ्या डिव्हिजनमधून तिसऱ्या आणि तिसऱ्यातून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेलं, तेव्हा तो संघात होता. पुढे थोडे दिवस संडरलँडला लोनवर, मग स्टोक, मग वेस्ट ब्रॉमविच, पुन्हा ग्रिम्सबी, मध्येच ब्रॅडफर्डला लोनवर, मग स्कनथॉर्प, मॅन्सफील्ड, रॉचडेल. यातले काही क्लब मोठ्या इतिहासाचे आहेत, पण फोर्ड तिथे होता तेव्हा ते वरच्या डिव्हिजनमधून घसरून खाली आलेले होते. इंग्लंडच्या 'ब' संघातूनही तो खेळला, खऱ्या संघातून कधी नाही. २००१मध्ये थांबला तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. फुटबॉलच्या सेवेबद्दल त्याला एमबीई मिळालं.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक खुलासा हवा, नाहीतर पुढचा मुद्दा निसटेल. तिकडे बेसबॉलमध्ये खालच्या लीगचे संघ वरच्या एखाद्या संघाशी जोडलेले असतात. तिथला खेळाडू चांगला खेळू लागला की त्याला वर बोलावतात, आणि खालच्या संघाने त्या दिवशी सामना जिंकला की हरला याला वरच्यांच्या लेखी फारसा अर्थ नसतो. खालचा संघ म्हणजे रोपवाटिका. इंग्लंडमध्ये तसं नाही. चार डिव्हिजन, ९२ क्लब, आणि प्रत्येक क्लब स्वतःसाठी खेळतो. हंगामाच्या शेवटी काही वर जातात, काही खाली येतात. रॉचडेल १९७४ साली तळाच्या डिव्हिजनमध्ये घसरलं ते २०१०पर्यंत तिथून हललं नाही. छत्तीस वर्षं! फोर्ड तिथे खेळायला गेला तेव्हा त्यातली पंचवीस उलटून गेली होती. पण रॉचडेल कुणाची रोपवाटिका नव्हतं. तिथल्या शनिवारच्या सामन्याचा निकाल हा त्या गावापुरता खराखुरा, अंतिम निकाल होता.

आता आपल्याकडे या. पद्माकर शिवलकरांचं नाव घेतलं की मुंबईकर माणूस उसासा टाकतो. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि भारताकडून एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. अमोल मुझुमदारचंही तेच. ११ हजारांहून अधिक धावा करून भारतीय संघाचं दार उघडलं नाही. २०२५मध्ये त्याच्या प्रशिक्षणाखाली भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा माझ्या ओळखीच्या जवळपास प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं: शेवटी न्याय झाला. मलाही आनंद झाला. पण या वाक्यात काय दडलंय पाहा. आपण शिवलकरांचा किंवा मुझुमदारचा आदर करतो तो ते वर जायला हवे होते म्हणून. त्यांची खरी जागा वरची होती, ती हुकली. 'दुर्दैवी' हा शब्द आपण वापरतो तेव्हा मनातल्या मनात त्यांना वरच्या जागेवर बसवतो आणि मग नमस्कार करतो. नमस्कार त्या जागेलाच असतो.

फोर्डला ही सवलत मिळत नाही. तो दुर्दैवी नव्हता. माझ्या समजुतीप्रमाणे तो जिथे खेळला तिथलाच खेळाडू होता. सव्वीस वर्षांत दहा-अकरा करार, वेगवेगळे प्रशिक्षक, वेगवेगळी गावं. इतक्या लोकांनी इतक्या वेळा पारखल्यावर निकालाबद्दल शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही. त्याच्या बाबतीत 'संधी मिळाली असती तर' म्हणण्यात अर्थ नाही. म्हणून तो माझ्या प्रश्नासाठी शिवलकरांपेक्षा अवघड आणि अधिक उपयोगी माणूस आहे.

यावर आपल्या घरात तयार असलेलं उत्तर म्हणजे फळाची आशा न धरता कर्म करत राहणं. माझ्या आजीने ते परीक्षेच्या आदल्या रात्री सांगितलं, बाबांनी पीएचडीच्या चौथ्या वर्षी सांगितलं. मला त्या उत्तराबद्दल आदर आहे, पण ते इतक्या लगेच हाताशी येतं की आपण ते तपासत नाही. फुटबॉलला लावून पाहिलं की त्याची अडचण कळते. सामना जिंकण्याची इच्छा नसलेला खेळाडू हा शांत, स्थितप्रज्ञ खेळाडू नसतो, तो खेळतच नसतो. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८मध्ये खेळ म्हणजे काय यावर एक चमत्कारिक, मजेदार पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधारण असं, की खेळ म्हणजे गरज नसलेले अडथळे आपणहून स्वीकारून ते पार करण्याचा प्रयत्न. चेंडू जाळ्यात घालायचाच असेल तर पहाटे तीन वाजता कुंपणावरून उडी मारून, हातात घेऊन घालता येईल. कुणी अडवायला नाही. पण त्याला गोल म्हणत नाहीत. अकरा जण अडवत असताना, हात न लावता घालायचा, तेव्हा तो गोल. यात दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत: गोल व्हावा ही इच्छा जीव तोडून हवी, आणि त्या गोलाला खेळाबाहेर काडीची किंमत नाही. फळाची आशा काढून टाकली तर अडथळा पार करण्यात काही उरतच नाही.

म्हणजे फोर्डला प्रत्येक शनिवारी फळ हवं असणार, आणि ते पुरेपूर हवं असणार. फक्त ते फळ त्या शनिवारपुरतं. सहाव्या मिनिटाला बगलेवरून टाकलेला क्रॉस नीट पडला की नाही. समोरच्या वेगवान पोराला दुसऱ्या हाफमध्ये आत वळू दिलं नाही ना. या बारीकसारीक फळांची बेरीज करून एक मोठं फळ होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. अॅलस्टेअर मॅकिंटायरने १९८१च्या आपल्या पुस्तकात दोन प्रकारच्या लाभांत फरक केला आहे. पैसा, नाव, पद हे बाहेरचे लाभ. ते दुसऱ्या कुठल्याही धंद्यातून मिळू शकतात, आणि एकाला जास्त मिळाले की दुसऱ्याला कमी पडतात. आतले लाभ मात्र ती कला किंवा तो खेळ केल्याशिवाय मिळत नाहीत, आणि ज्याने ती गोष्ट केलेली नाही त्याला ते नीट दिसतही नाहीत. इथवर मला पटतं. मॅकिंटायर पुढे जे म्हणतो त्यातला एक भाग मला फोर्डमुळे अधिक कळला: आतल्या लाभांसाठीही कसोटी लागते, आपल्याहून चांगल्यांचा निकष मान्य करावा लागतो. खालच्या डिव्हिजनचा खेळाडू हा 'माझ्यापुरतं मी छान खेळतो' म्हणणारा हौशी माणूस नाही. आपण कितव्या पायरीवर आहोत हे त्याला दर आठवड्याला गुणतक्त्यात छापून मिळतं. ते वाचून, मान्य करून, मंगळवारी पुन्हा सरावाला जायचं. मला यात निष्कामपणापेक्षा वेगळं, काहीसं अधिक अवघड धैर्य दिसतं.

इतकं लिहून मी थांबले असते तर हा लेख एखाद्या कंपनीच्या प्रेरणापर शिबिरात वाचून दाखवता आला असता. प्रवास महत्त्वाचा, मुक्काम नव्हे, टाळ्या. पण खालच्या डिव्हिजनचा खेळाडू हा कामगार आहे, आणि आतल्या लाभांवर वीजबिल भरता येत नाही.

इंग्लिश फुटबॉलमध्ये जवळजवळ सत्तर वर्षं असा नियम होता की खेळाडूचा करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबकडेच राही. क्लब त्याला ठेवून घेऊ शके, विकायला नकार देऊ शके, आणि त्याने नवा करार केला नाही तर पगारही थांबवू शके. शिवाय पगाराला कमाल मर्यादा होती. १९६१मध्ये ती उठली तेव्हा ती आठवड्याला २० पौंड होती. न्यूकॅसलच्या जॉर्ज ईस्टमने १९६०मध्ये याविरुद्ध हट्ट धरला, काही महिने फुटबॉल सोडून दुसरी नोकरी केली, आणि १९६३मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत व्यवसायावरचं गैरवाजवी बंधन असल्याचा निकाल दिला. या सगळ्या काळात मालकांच्या बाजूचा एक युक्तिवाद आजही ओळखीचा वाटेल: अहो, हे तर खेळतात! याचे पैसे मिळतात हेच नशीब. खाणीतल्या माणसाला विचारा.

आतल्या लाभांचं हे दुखणं आहे. ते खरे असतात म्हणूनच ते वेतनातून वजा करता येतात. ज्याचं कामावर प्रेम आहे त्याला कमी देऊन चालतं, हे मालकाला बरोबर कळतं.

मी पदार्थविज्ञानात पोस्टडॉक आहे. सध्याचा करार तिसरा, अठरा महिन्यांचा. माझ्या क्षेत्रातले लोकही असंच बोलतात: हे काम म्हणजे ध्यास, नोकरी नव्हे. ध्यास आहे हे खरं. पण व्हिसाच्या अर्जात ध्यासाचा रकाना नाही, कराराच्या शेवटच्या तारखेचा आहे. पुण्याहून आत्याचा फोन येतो तेव्हा ती विचारते, "अगं, आता परमनंट झालीस की नाही?" तिच्या प्रश्नात चूक काही नाही. तिने पस्तीस वर्षं एका बँकेत काढली, तिला वर्षावर्षाने नूतनीकरण होणारं आयुष्य कळणं कठीण. इंग्लंडमधले क्लब दर वर्षी मे महिन्याच्या सुमारास रिटेन्ड लिस्ट जाहीर करतात: कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं. सोडलेल्यांची नावं एका ओळीत, खाली आभार आणि पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा. ती यादी वाचताना मला माझ्या मजल्यावरच्या दारांवरच्या पाट्या आठवतात. त्या पाट्या सरकवून काढता येतील अशाच बनवलेल्या आहेत, हे पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं होतं.

ग्रिम्सबीकडे पुन्हा एकदा पाहायला हवं. फोर्डने पहिला सामना खेळला त्याच हिवाळ्यात आइसलँडबरोबरचं तिसरं 'कॉड युद्ध' पेटलं. १९७६च्या जूनमध्ये ब्रिटनने आइसलँडची दोनशे मैलांची हद्द मान्य केली आणि ग्रिम्सबी, हल यांसारख्या बंदरांची दूर समुद्रातली मासेमारी काही वर्षांत बसली. जहाजांवरच्या माणसांनी तिथे वीस-वीस वर्षं काढलेली. पण कागदोपत्री ते हंगामी कामगार धरले गेले, दर फेरीला नवी नेमणूक, म्हणून काम गेल्यावर मिळायची ती भरपाई बहुतेकांना मिळाली नाही. सरकारने त्यासाठी योजना आणली २०००मध्ये. तोवर पुष्कळ जण वारले होते. त्यांनाही समुद्राची ओढ होती, असं म्हणतात. असेलही. त्या ओढीचा आणि 'हंगामी' या शब्दाचा हिशेब एकत्र मांडला की माझा फोर्डबद्दलचा उत्साह थोडा सावध होतो. त्याच गावात, त्याच वर्षांत, एकाला दर वेळी नवा करार मिळत गेला आणि हजारो जणांना मिळाला नाही. दोघांच्या निष्ठेत फरक होता म्हणून हे झालं नाही.

इथे एक हरकत घेता येईल. मी मधल्या पायरीवरच्या माणसाबद्दल बोलायचं म्हणते आणि निवडते मात्र विक्रमवीर. ९३१ हा आकडा नसता तर कोण विचारत होतं फोर्डला? हा पहिल्या नंबराचा सोस मागच्या दाराने आत आणणंच झालं. हरकत अर्धी बरोबर आहे. आपल्यासारख्यांच्या, म्हणजे परीक्षा देत देत देशाबाहेर आलेल्यांच्या, हाडात ती मोजपट्टी इतकी भिनलेली आहे की सामान्यपणाचंही आपण मेरिट लिस्ट लावतो. पण दुसरी अर्धी बाजू अशी, की त्या ९३१ दिवसांपैकी बहुतेक दिवशी विक्रम कुठेच नव्हता. १९८३मधल्या कुठल्याशा ओल्या संध्याकाळी तो दुसऱ्या डिव्हिजनमधला एक चोविशीचा खेळाडू होता, बस्स. त्या संध्याकाळी त्याने जे केलं त्याला किंमत असेल तर ती तेव्हाच होती, नंतरच्या बेरजेने ती पाठीमागे जाऊन चिकटली नाही.

हरकतीचा खरा डंख वेगळा आहे. फोर्डला सव्वीस वर्षं खेळता आलं. अठराव्या वर्षी अकादमीतून सोडून दिलेल्या पोराचं काय? चाळीस सामने खेळून गुडघा गेलेल्याचं काय? आतले लाभ मिळायलाही मैदानावर राहावं लागतं, आणि राहू द्यायचं की नाही हे दुसरे ठरवतात. म्हणून 'असं आयुष्य चांगलं का' या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' असलं, तरी त्या 'हो'ला एक अट आहे, आणि ती खेळाडूवर नाही, क्लबवर आहे. ज्याच्या प्रेमावर तुमचं काम चालतं त्याच्याशी निदान हिशेब चोख ठेवा. पगार वेळेवर द्या. सोडायचं असेल तर वेळेत सांगा. बरी क्लबचं उदाहरण ताजं आहे. १८८५ साली स्थापन झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला हा क्लब २०१९च्या ऑगस्टमध्ये लीगमधून काढून टाकला गेला. त्याच्या आदल्याच हंगामात खेळाडूंनी संघाला वरच्या डिव्हिजनमध्ये चढवलं होतं, तेही पगार थकलेले असताना. त्या खेळाडूंना 'तुम्हाला आतला लाभ तर मिळाला ना?' असं विचारण्याची हिंमत मला होणार नाही. आणि तरी मिळाला होता, हेही खरं आहे. या दोन वाक्यांपैकी एक खोडून टाकता आलं असतं तर हा लेख लिहायला सोपा गेला असता.

फोर्डच्या कारकिर्दीतला एक छोटा तुकडा वर मुद्दाम सांगितला नाही. स्कनथॉर्प आणि मॅन्सफील्डच्या मध्ये, १९९६मध्ये, तो लीगबाहेर फेकला गेला होता. वय सदतीस. त्या वयात बहुतेक खेळाडू थांबलेले असतात, आणि तो थांबला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. तो बॅरोकडून खेळायला गेला. बॅरो-इन-फर्नेस हे वायव्य टोकाचं, पाणबुड्या बांधणाऱ्या गोदीचं गाव. तिथल्या क्लबला १९७२ साली इतर क्लबांनी मतदान करून लीगबाहेर काढलं होतं, कारण त्या काळी तळाच्या क्लबांचं सदस्यत्व मतांवर ठरायचं. बॅरो पुन्हा लीगमध्ये यायला २०२० साल उजाडलं. फोर्ड त्यांच्याकडून काही सामने खेळला आणि त्याच वर्षी मॅन्सफील्डने त्याला परत लीगमध्ये आणलं. त्यानंतर तो आणखी पाच वर्षं खेळला, म्हणून विक्रम झाला.

बॅरोकडून खेळलेले सामने ९३१मध्ये धरलेले नाहीत.